रिकॉलची खबर जुन्या गाडीवाल्यापर्यंत का पोहोचत नाही?

जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने आपल्या १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. अल्टो के-१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा ही सहा मॉडेल्स त्यात होती. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरमध्ये दोष असल्याची शंका होती. अपघात झालाच तर एअरबॅग उघडणार नाही आणि सीटबेल्टही ऐनवेळी आवळला जाणार नाही, अशी भीती होती. कंपनीने हा भाग मोफत तपासून बदलून देण्याचे जाहीर केले आणि तोपर्यंत गाडी चालवू नका, असा सल्लाही दिला.

गाड्या तेव्हा नव्याकोऱ्या होत्या. मालकाचा फोन नंबर शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये ताजा होता, म्हणून खबर पोहोचवणे सोपे होते. आता जरा वेगळे चित्र पाहू. रिकॉल निघतो तेव्हा गाडी सहा वर्षांची झालेली असते. पहिल्या मालकाने ती विकलेली असते, दुसऱ्यानेही विकलेली असते. तिसरा मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी कधी चढलेलाच नसतो. कंपनीचा मेसेज जातो पहिल्या मालकाच्या मोबाइलवर. तो म्हणतो, ‘ती गाडी विकून जमाना झाला’, आणि मेसेज पुसून टाकतो. इकडे तिसऱ्या मालकाची मुले त्याच गाडीत बसून शाळेला जात असतात.

हा तिसरा मालक कोण? बहुतेक वेळा तो आपल्यापैकीच कोणीतरी असतो. नवी गाडी घेणारी घरे आपल्या समाजात आहेत, नाही असे नाही. पण चार पैसे साठवून, थोडे भावाकडून, थोडे मामूंकडून घेऊन सेकंडहँड गाडी दारात आणणारी घरे आपण सगळेच ओळखतो. म्हणून रिकॉल म्हणजे काय, त्यात आपला हक्क किती आणि तो मिळवायचा कसा, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

रिकॉल म्हणजे नेमके काय?

गाडी वापरून वापरून खराब होणे वेगळे आणि ती मुळातच खोट घेऊन कारखान्यातून बाहेर पडणे वेगळे. क्लच प्लेट घासली, टायर झिजला, बॅटरी उतरली तर तो वापराचा खर्च आहे आणि तो मालकानेच करायचा. पण एखाद्या तारखेपासून एखाद्या तारखेपर्यंत बनलेल्या सगळ्या गाड्यांमध्ये एकच भाग सदोष निघाला, तर चूक बनवणाऱ्याची असते. अशा वेळी कंपनी त्या सगळ्या गाड्या बोलावते, तपासते आणि दोष निघाला तर दुरुस्त करून देते. भागाचेही पैसे नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. हाच रिकॉल.

प्रत्येक रिकॉल सारखाच गंभीर असतो, असे मात्र नाही. ईकोचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे शाळेची मुले ने-आण करणाऱ्या कितीतरी व्हॅन ईको असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या गेल्या, कारण हेडलॅम्पवर नियमाप्रमाणे असायला हवे ते चिन्ह नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये १९,७३१ ईको बोलावल्या गेल्या, कारण चाकाच्या रिमवर मापाची खूण चुकीची पडली होती. या दोन्हींत जिवाला तातडीचा धोका नव्हता. पण जानेवारी २०२३ च्या यादीतही ईको होती आणि त्या वेळी प्रश्न एअरबॅगचा होता. ‘रिकॉल काय, नेहमीच निघतात’ असे म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजले तर फसगत होते. दोष कशाचा आहे, हे आधी वाचले पाहिजे.

रिकॉल काढला म्हणजे कंपनी वाईट, असाही एक समज आपल्याकडे आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा रिकॉल निघाला की लोक हसतात. खरे तर दोष लपवणारी कंपनी घातक असते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता. चालत्या गाडीत स्विच आपोआप सरकायचा, इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅगही निकामी व्हायची. कंपनीतल्या काही लोकांना हे दहा वर्षे आधीपासून माहीत होते. रिकॉल निघाला २०१४ मध्ये. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने पुढे या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य केले. ज्या भागासाठी हे सगळे घडले, त्याची किंमत एका डॉलरपेक्षा कमी होती.

आपल्याकडे कायदा कसा आला?

भारतात २०१२ पर्यंत या विषयावर काहीच ठरलेले नव्हते. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याचे धोरण आणले. ते स्वेच्छेचे होते, म्हणजे कंपनीला वाटले तर करायचे. त्याआधी २०१० मध्ये टाटा नॅनोला आगी लागण्याच्या घटना घडल्या, तेव्हा कंपनीने हा रिकॉल नाही असे सांगत मालकांना जादा सुरक्षा उपाय मोफत बसवून देऊ केले होते.

जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १,१४,००० शेव्हरोले टवेरा गाड्या परत बोलावल्या. गावोगावी प्रवासी वाहून नेणारी टवेरा आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या गाड्यांच्या धुराच्या तपासणीत कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी गडबड केल्याचे उघड झाले होते. पुढे २०१५ च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाला भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या बोलवाव्या लागल्या. त्या प्रकरणात तपासणी केली ती आपल्या पुण्यातल्या ‘एआरएआय’ या संस्थेने.

या सगळ्यानंतर मोटार वाहन (सुधारणा) कायदा २०१९ आला आणि त्यात ११०-अ हे कलम घातले गेले. एखाद्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतर कोणालाही इजा होऊ शकत असेल, तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकते. अशा वेळी कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, तशीच किंवा त्याहून चांगली दुसरी द्यावी किंवा पैसे परत करावेत, असे हे कलम सांगते. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर दंड नाही. सरकारला आदेश काढावा लागला तर दंड आहे. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि त्यात १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

कायदा चांगला आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की, मालकांच्या तक्रारींवरून आदेश निघायचा असेल तर ठरावीक संख्येने तक्रारी यायला हव्यात. गाडीचा प्रकार आणि तिची वर्षाची विक्री पाहून हा आकडा ठरतो, आणि जास्त खपणाऱ्या मॉडेलसाठी तो हजाराच्या पुढे जातो. आपला माणूस तक्रार कुठे करतो? गॅरेजमध्ये, नाहीतर कट्ट्यावर. ती सरकार दरबारी मोजली जात नाही. दुसरी खाच याहून मोठी आहे. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत. त्याहून जुन्या गाडीसाठी सक्तीचा आदेश नाही. कंपनीने स्वतःहून बोलावले तर ठीक.

जुन्या गाडीचा धोका वाढतच जातो

सात वर्षांनंतर गाडीत निघालेला दोष वयामुळेच असणार, असा विचार या मर्यादेमागे असावा. पण जगातला सगळ्यात मोठा रिकॉल याच्या उलट सांगतो.

ताकाता ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. एअरबॅग क्षणात फुगवण्यासाठी ती अमोनियम नायट्रेट वापरत होती. हे रसायन वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा सोसून बिघडते. मग अपघाताच्या वेळी ते हवे त्यापेक्षा जास्त जोराने फुटते, धातूची डबी फोडते आणि वाचवायला बसवलेल्या एअरबॅगमधूनच लोखंडाचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. जगभरात दहा कोटींच्या आसपास एअरबॅग या रिकॉलमध्ये आल्या. एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून अधिक लोक दगावले. २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी सिटी, जॅझ, अकॉर्ड अशा जुन्या गाड्या यासाठी बोलावल्या.

इथे गाडी जितकी जुनी, तितका धोका जास्त. आणि हवा जितकी गरम व दमट, तितका तो लवकर. मुंबई, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यातली हवा आठवा म्हणजे लक्षात येईल. गाडी नवी असते तेव्हा दोष झोपलेला असतो. तो जागा होतो तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते. म्हणजे धोका वाढत जातो आणि त्याच वेळी खबर पोहोचण्याची शक्यता कमी होत जाते. श्रीमंताच्या दारात गाडी असताना कंपनी फोन करते, गरिबाच्या दारात आल्यावर ती गाडी कंपनीच्या हिशेबातूनच निघून जाते. हे कोणी मुद्दाम ठरवून केलेले नाही, पण परिणाम तोच आहे.

पैशाचाही प्रश्न आहे. जून २०२० मध्ये होंडाने २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या इंधन पंपातल्या दोषासाठी बोलावल्या. या दोषामुळे इंजिन मध्येच बंद पडू शकत होते किंवा सुरूच होत नव्हते. अशी गाडी सेकंडहँड घेतलेला माणूस काय करतो? गाडी ढकलत मोहल्ल्यातल्या उस्तादकडे नेतो. उस्ताद प्रामाणिक आहे, तो तपासतो आणि सांगतो, ‘पंप गेलाय, बदलावा लागेल.’ मालक उसनेपासने करून पैसे भरतो. त्यात उस्तादची चूक नाही. पण जो भाग कंपनीने मोफत द्यायचा, त्यासाठी घरातल्या महिन्याच्या खर्चाला कात्री लागते.

दुचाकीवालेही यातून सुटलेले नाहीत

रिकॉल फक्त कारचा असतो, हा गैरसमज आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने बुलेट, क्लासिक आणि मीटिऑर मिळून २,३६,९६६ मोटारसायकली इग्निशन कॉइलच्या दोषासाठी बोलावल्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटण्याच्या घटना एकामागून एक घडल्या. तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि बापलेकीचा जीव गेला. पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर जळाली. नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटरी पेटल्या. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी निष्काळजी कंपन्यांना दंड करण्याचा आणि रिकॉलचे आदेश काढण्याचा इशारा दिला. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. रात्री जिन्याखाली स्कूटर चार्जिंगला लावून वर मुलाबाळांसह झोपणाऱ्या घरांनी ही बाब हलक्यात घेऊ नये.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, आरसी बाहेर काढा. त्यावर सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. उदाहरणार्थ, मारुतीच्या बऱ्याच गाड्यांचा नंबर ‘एमए३’ ने सुरू होतो. गाडीचा नंबर सांगून भागत नाही, कारण रिकॉल ठरतो तो चेसिस नंबरवरून. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन असा भाग असतो. तिथे हा नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे की नाही ते दिसते. घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल. वेबसाइट जमत नसेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून चेसिस नंबर सांगा आणि विचारा, ‘या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का?’

दुसरी गोष्ट, ‘गाडी मी तुमच्याकडून घेतलेली नाही, मग विचारू कशी?’ हा संकोच सोडा. दोष गाडीत आहे, मालकाच्या नावात नाही. दुसऱ्या मालकाने दुरुस्ती मागणे ही भीक नव्हे आणि कंपनीने ती करणे हा एहसान नव्हे.

तिसरी गोष्ट लोकांच्या मनातल्या भीतीबद्दल. ‘फुकट म्हणून बोलावतात आणि दहा कामे गळ्यात मारतात,’ असे आम्ही पालकांकडून कितीदा ऐकतो. ही भीती अगदीच खोटी नाही. त्यावर उपाय एवढाच की जॉब कार्डवर फक्त रिकॉलचे काम लिहून घ्या. बाकी कामांना ‘आत्ता नको, आधी अंदाज लिहून द्या’ म्हणा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. काम झाल्यावर कोणता भाग बदलला त्याची लेखी नोंद घ्या आणि ती आरसीच्या झेरॉक्ससोबत जपून ठेवा. पुढे गाडी विकताना हाच कागद तिची किंमत राखेल.

चौथी गोष्ट, भाग उपलब्ध नाही असे सांगितले तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. ईमेल करा, तारीख मागा, आणि तोपर्यंत गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हे लेखी विचारा. डीलरने टाळाटाळ केली तर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे जा. तिथेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याखेरीज केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीतल्या दोषाची तक्रार नोंदवण्याची सोय आहे. आपली एक तक्रार तिथे नोंदली गेली की ती मोजली जाते.

नुकसान झाले असेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वतः गाडी चालवणारा माणूसही कायद्याने ग्राहकच ठरतो, हे रिक्षा-व्हॅनवाल्या भावांनी लक्षात ठेवावे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई कंपनीचे अपील फेटाळले. अपघातात क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि ग्राहक आयोगाने भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. तो आदेश कायम राहिला. एका सामान्य ग्राहकाची लढाई दिल्लीच्या राज्य आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली, कारण कागद हातात होते.

आणि पाचवी गोष्ट, सेकंडहँड गाडी घेतली की ती नावावर करून घ्या. कायद्याने खरेदीदाराला यासाठी ३० दिवस दिले आहेत. ‘करू सावकाश’ म्हणत वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवणारे आपल्यात थोडे नाहीत. विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. पण सरकारी नोंदीत आपले नाव आणि आपला मोबाइल नंबर नसेल, तर चांगली खबरही आपल्याला सापडणार कशी?

सरकारने काय करावे?

सगळा भार मालकावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. जपानने २०१८ पासून ताकाताच्या धोकादायक एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना सक्तीच्या तपासणीत पास करणे बंद केले. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी सक्तीचा रिकॉल लावला आणि जे मालक येईनात त्यांच्या गाड्यांची नोंदणी रोखली. मालकाला शोधण्याची जबाबदारी तिथे कंपनीवर होती.

आपल्याकडे हे करणे अवघड नाही. ‘वाहन’ या सरकारी नोंदीत प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर आणि सध्याचा मालक दोन्ही आहेत. कंपनीने रिकॉलची यादी दिली की त्यावरून आजच्या मालकाला मराठी, हिंदी, उर्दू अशा त्याच्या भाषेत मेसेज पाठवता येईल. पीयूसी काढायला प्रत्येक गाडी जातेच, तिथल्या कागदावर ‘रिकॉल बाकी’ असा एक रकाना छापता येईल. गाडी नावावर करण्याच्या फॉर्ममध्ये इंजिन नंबर, चेसिस नंबर, कर्ज सगळे विचारतात. रिकॉल बाकी आहे का, एवढे विचारत नाहीत. शाळेच्या व्हॅनला फिटनेस देताना तर ही विचारणा आधी व्हायला हवी. आणि जिवाशी खेळणाऱ्या दोषांसाठी सात वर्षांची मर्यादा काढून टाकावी. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागण्या नेतो तेव्हा यादीत ही एक ओळ घालायला हरकत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात असलेले काम मोठे आहे. गॅरेज, ड्रायव्हिंग, स्पेअर पार्ट, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. मोहल्ल्यातल्या उस्तादने इंधन पंप किंवा एअरबॅगचे काम हाती घेण्याआधी गिऱ्हाइकाला ‘आधी चेसिस नंबर टाकून बघा’ एवढे सांगितले, तर त्याचे एक काम जाईल, पण ते गिऱ्हाईक आयुष्यभर त्याचे राहील. आम्ही शिक्षकांनीही पुढच्या पालक सभेत व्हॅनवाल्या चाचांना बोलावून त्यांच्या आरसीवरचे नंबर तपासायला बसावे. शाळेतल्या कॉम्प्युटरवर दहा व्हॅनचे काम अर्ध्या तासात होईल. ज्या व्हॅनवर रिकॉल बाकी निघेल, ती सर्व्हिस सेंटरला जाईल त्या दिवशी मुलांना सोडायला पालकांनी आळीपाळीने यावे, म्हणजे चाचांचा रोजही बुडणार नाही.